आमच्या घराण्याची कंबर

आमच्या घराण्यात कंबर कुणालाच नाही. म्हणजे हाडं आहेत, मणके आहेत, पेरणीच्या दिवसांत दुखायला लागली की ती कुठं आहे हेही नेमकं कळतं. पण खांद्यापासून खाली नजर निघाली तर गुडघ्यापर्यंत तिला मध्ये कुठं थांबायला जागा नाही. आई सरळ, दोन्ही मावश्या सरळ. थोरल्या मावशीला लग्नात घातलेला कंबरपट्टा सप्तपदीच्या मध्येच पायात आला, ही गोष्ट आमच्याकडं अजून प्रत्येक लग्नात सांगतात. लहानपणी मीही पोट धरून हसायचे. ही गोष्ट कधी आपल्याला लागू होईल असं वाटायचं कारण नव्हतं, कारण तेव्हा घरातले सगळे मला मुलगा समजत होते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.ए., मराठी घेऊन, फर्स्ट क्लास. हे मी कुणी विचारलं तर सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. मी बाई आहे हे सांगायला मात्र मला पदवीपेक्षा जास्त वर्षं लागली, आणि त्याचं सर्टिफिकेट आमच्या गावात कुणी फ्रेम करून लावत नाही.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोबाईलमध्ये एक फोटो काढून ठेवला होता. केस कापायला जाताना पोरं हिरोचा फोटो दाखवतात, तसा. म्हटलं, असा बांधा पाहिजे. बाईंनी फोटो बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, आईचा फोटो आहे का? मावशीचा? मी दाखवला. ज्वारीच्या कणसांपुढं उभ्या तिघी बहिणी, तीन पोती उभी करून ठेवल्यासारख्या. बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाल्या, हार्मोनच्या गोळ्या त्यांचं काम करतील, पण चरबी अंगावर कुठं बसायची ते तुमचं घराणं ठरवणार. घाई करू नका.

मेले, असं मी मनात म्हटलं.

दोन वर्षांत बाईंचं खरं झालं. कातडी मऊ आली, गाल भरले, छातीवर ब्लाऊजला निमित्त होईल इतपत काहीतरी आलं. रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी, गोळ्या बाईंनी लिहून दिल्या तेवढ्याच. त्यात मी कधी कुचराई केली नाही. कंबर मात्र येईना. उलट पोट जरा पुढं आलं, अगदी आईच्या पोटासारखं, जेवण झाल्यावर हात ठेवायला सोयीचं.

त्यातच धाकट्या भावाचं लग्न ठरलं.

भाऊ टेम्पो चालवतो. आमच्या गावातनं कांदा, मेथी, कोथिंबीर भरायची आणि तिसगावच्या नाहीतर नगरच्या बाजारात टाकायची. सुपारी फुटल्यावर त्यानं मला फोन केला आणि बाकी काही न बोलता म्हणाला, "ताई, करवली तू. दुसरी कुठनं आनू, भाड्यानं?"

करवली म्हणजे नवरदेवाची बहीण. नवी साडी नेसून, पाण्यानं भरलेला करा हातात धरून मांडवात भावाच्या मागं उभी राहते. मंगलाष्टका चालू असताना अख्खा मांडव नवरानवरीकडं बघतो, आणि कंटाळा आला की करवलीकडं. तिला मान असतो, नवरीकडून साडी असते, आणि तिची टिंगल करायचा हक्क सगळ्या बायकांना असतो. मला तिन्ही पाहिजे होतं. टिंगलसुद्धा.

भावाचं ठरलं होतं. प्रश्न आईचा होता. आई फोनवर आली आणि म्हणाली, "बघू."

आईचं 'बघू' समजायला तिच्या पोटी जन्म घ्यावा लागतो. नवी विहीर पाडायची का, बघू. पांढरी गाय विकायची का, बघू. यातलं काहीच झालं नाही. माझ्याशी ती वाईट कधी वागली नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. मी पहिल्यांदा ड्रेस घालून घरी आले तेव्हा तिनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिठलं टाकायला उठली. पण दारात कुणी अनोळखी आलं, वायरमन, बियाण्यावाला, लांबचं पाहुणं, आणि माझ्याकडं बघून भुवया वर केल्या, की आई म्हणायची, नगरची पाहुनी हाय. दोन वर्षं मी स्वतःच्या घरात पाहुणी होते. गावाला सगळं माहीत होतं. पण गाव आईच्या तोंडाकडं बघत होतं, आणि मीही.

वडलांचं निराळंच. ते माझ्याशी फक्त विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलायचे. लाईट किती वाजता येते, फ्यूज कुठला उडाला. त्यात बाई-पुरुष असं काही येत नाही, म्हणून त्यांना तो विषय आवडायचा.

तर मी हिशेब असा मांडला की आईची अडचण माझ्या बांध्याची आहे. लोकांनी बघताक्षणी बाईच दिसली, तर आईला लाज वाटायचं कारण उरणार नाही, आणि 'बघू'चं 'हो' होईल. आता कळतं की हा हिशेब फर्स्ट क्लासवालीला शोभणारा नव्हता. पण तेव्हा मी आधी व्यायाम केले. मोबाईलमधली बाई सांगेल तसे पाय हलवले. खालच्या मजल्यावरची माणसं विचारायला आली की वर फरशी बसवताय का. महिन्यानं कंबर होती तिथंच होती, म्हणजे नव्हती.

मग मी फोमवर आले.

मार्केट यार्डाकडं जाताना एक सोफे दुरुस्त करणारा आहे. त्याला म्हटलं, दीड इंची फोम पाहिजे, एवढा-एवढा. त्यानं विचारलं, बसायला का टेकायला? मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, बसायलाच. मग घट्ट घ्या ताई, मऊवाला चार दिवसांत दबतो, असं म्हणून त्यानं मला सोफ्यात घालतात तो एक नंबरचा घट्ट फोम दिला. मी माणसाचं ऐकलं. चूक तिथंच झाली.

खोलीवर येऊन सुरीनं पपईच्या फाकीसारखे दोन तुकडे कापले, कडा कात्रीनं निमुळत्या केल्या आणि घट्ट सायकलिंग शॉर्टच्या आत दोन्ही बाजूंना टाचले. वरून ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. फोटोतल्या बाईसारखीच दिसत होते. आडवी उभी राहिले, पाठमोरी उभी राहिले, खाली पडलेला पेन दोन वेळा उगाच उचलला.

दुसऱ्या दिवशी गावाकडं निघाले, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसगावला बस्ता होता. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, दोन्हीकडच्या बायका मिळून. करवलीची साडी तिथंच घेतली जाते, म्हणजे करवली कोण हे तिथंच चारचौघींत ठरतं. आईला काय बोलायचं ते उद्या दुकानात बोलावं लागणार होतं.

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, बसणाऱ्यांच्या तोंडात नगरच असतं. एप्रिलचं ऊन. घट्ट फोम आणि एसटीची घट्ट सीट यांचं एकमेकांशी पटेना. मी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच बसले होते आणि डोकं सारखं वरच्या दांडीकडं जात होतं. त्यात फोमनं घाम प्यायला सुरुवात केली. करंजीच्या घाटात एका वळणावर मी डावीकडं कलले, फोम उजवीकडंच राहिला. शेजारी मांडीवर मिरच्यांची पाटी घेऊन बसलेली बाई होती. तिसगावला मी उतरायला उठले तेव्हा ती अगदी हळू, पदर सरकला तर सांगावं तसं म्हणाली, "ताई, तुमचं काहीतरी सरकलंय."

मी पिशवी त्या बाजूला धरून घर गाठलं.

आई अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होती. तिनं एकदाच बघितलं.

"हे काय बांधून आलीस?"

काही नाही म्हटलं.

"काय न्हाई कसं. पायलीभर बाजरी बांधल्यागत दिसतंय. अन् तीबी एकाच अंगाला."

उन्हानं, घामानं आणि त्या मिरचीवाल्या बाईनं माझं डोकं तापलं होतं. मी सगळं बोलून टाकलं. उद्या बस्ता आहे, तुझी नवी विहीण येणार, तिच्यासमोर तुला मान खाली घालायला लागू नये म्हणून हे. मी नीट बाई दिसले तर तुला मला पाहुणी म्हणावं लागणार नाही. पाहुणी हा शब्द मी आधी कधी तिच्यासमोर काढला नव्हता. आई कुरडया उलटत राहिली. एकेक, न मोडता. सगळी ओळ झाल्यावर म्हणाली,

"आपल्यात एवढं कुनाला हाय? मला न्हाई. माझ्या आईला न्हवतं. हे लावून माझ्याशेजारी बसलीस, तर लोक इचारतील, ही कुनाची?"

बी.ए. फर्स्ट क्लासनं पिशवी उचलली.

मी आत जाऊन ते काढलं. पिळलं तर पाणी निघालं. दोरीवर वाळत घातलं. भाऊ टेम्पो लावून आला, त्यानं दोरीवरचे ते दोन तुकडे उचलले, दाबून बघितले आणि विचारलं, "सीट कुनाची ही? भारी हाय." आणि उत्तराची वाट न बघता ते घेऊन तो टेम्पोकडं गेला. मी अडवलं नाही.

चार वाजता आईनं मला तेल लावायला पुढ्यात बसवलं. केस खांद्याखाली आल्यापासून ती हे करते, न विचारता. मध्येच तिचे हात थांबले. तेलकट पंजा तिनं माझ्या पाठीवर टेकवला, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकली, वर चार बोटं धरली. मग काखेखालून दोन्ही हात पुढं आणून जरा आवळले, सोडले.

"हं," म्हणाली.

मी विचारलं, काय हं?

"काय न्हाई. मान खाली घाल."

दुसऱ्या दिवशी दुकानात पांढऱ्या गादीवर आम्ही एका बाजूला आणि मुलीकडच्या बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये साड्यांचा ढीग. आमच्याकडून आई, मी आणि चुलती. मी साधा ड्रेस घातला होता, आत माझ्याशिवाय काही नव्हतं. वरमाईची साडी झाली, मावश्यांच्या झाल्या. मी दुकानदाराकडं बघत होते, म्हणजे कुणाकडंच बघत नव्हते. मग होणाऱ्या विहीणबाईंनी ढिगावर हात ठेवून विचारलं, करवलीची घ्यायची ना आता? करवली कोण तुमची?

चुलती आधी बोलली. म्हणाली, आमची धाकटी आहे की, कालच सासरहून आलीय, तीच राहील. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला वाटत होतं आपण जावेची अडचण सोडवतोय. मी गादीवरच्या चादरीचा एक दोरा ओढायला लागले.

आई एका साडीचा काठ दोन बोटांत चोळून बघत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुमची धाकटी दिवा धरंल, जाऊबाई. करा थोरली धरंल."

विहीणबाईंनी विचारलं, थोरली कोण?

आईनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ही काय बसलीय. माझी थोरली. नगरला असती. बी.ए. झालीय."

सगळ्या गादीनं माझ्याकडं बघितलं. मी श्वास ओढून पोट आत घेतलं; सवयच ती. विहीणबाईंची नजर माझ्या डोक्यापासून निघाली, चेहऱ्यावर जरा जास्त थांबली आणि मग खाली गेली. त्यांना कळायचं ते कळलं असणार. सोयरीक जुळायच्या आधीच आमचं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं असणार, सोयरिकी अशाच जुळतात. त्या म्हणाल्या, मग मापाचा ब्लाऊज द्या, आमच्याकडची बाई चांगलं शिवते, शिवूनच आणतो.

इथं मी खरी अडकले. आमच्याकडं शिवणाऱ्या बायका टेपवर विश्वास ठेवत नाहीत. अंगाला बसलेला एक जुना ब्लाऊज द्यायचा, त्यावरून त्या नवा कापतात. प्रत्येक बाईकडं असा एक असतो, विरलेला, पण बसणारा. माझ्याकडं नव्हता. मी जन्मात ब्लाऊज घातला नव्हता. तेवढं सांगायला मी तोंड उघडलं, तर आईनं पिशवीत हात घालून घडी केलेला एक ब्लाऊज काढला आणि गादीवर ठेवला. विटका हिरवा, काखेत ठिगळ. धुऊन, घडी दाबून आणलेला. म्हणजे घरून निघतानाच तिचं ठरलं होतं. तिचं 'बघू' बघून झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"ह्या मापाचा," आई म्हणाली. "फकस्त बाही दोन बोटं सैल."

विहीणबाईंनी ब्लाऊज उलगडून धरला. त्याच्यातून आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमचाच की हो हा."

"मग कुनाचा असंल?"

"म्हंजे हिलाबी कंबर न्हाई."

"आमच्यात रीतच न्हाई ती," आई म्हणाली, आणि पहिल्यांदा चुलती हसली, मग सगळ्याच. दुकानदारानंही तोंड फिरवून हसून घेतलं. माझी टिंगल चालू झाली होती. मी जांभळी साडी उचलली, काठ मोठा असलेली, आणि सांगितलं, हीच.

ब्लाऊज हळदीच्या दिवशी आला. लग्नाच्या दिवशी कार्यालयातल्या खोलीत मी तो चढवला. पाठीला असा बसला की मला वाटलं हुकं लावायच्या आधीच तो मला ओळखतो. छातीला जरा सैल होता, तिथं दोन हातरुमाल गेले. त्यात लाजायचं काही नाही; दिवा धरणारी चुलतबहीणही तेच करत होती, हे मला तिथंच कळलं. साडी चुलतीनं नेसवली, निऱ्यांवर थाप मारून म्हणाली, घे, झाली आणखी एक सरळसोट. पण शिवणाऱ्या बाईनं आईच्या बोलण्यापेक्षा आईच्या ब्लाऊजवर जास्त विश्वास ठेवला होता. बाही जशीच्या तशी आईच्या मापाची. बारावीपर्यंत मी वडलांबरोबर कांद्याच्या गोण्या टेम्पोत भरल्या आहेत; माझा दंड त्या बाहीत दोरीनं बांधल्यासारखा झाला. करा उचलायला हात पुढं केले तर बोटांना मुंग्या आल्या.

आई आली, बघितलं, मला खिडकीजवळ ओढलं. बाहेर बँडवाल्यांचं चालू झालं होतं. तिनं बाही उलटी केली, काखेखालचा टाका दातानं तोडला आणि नखानं शिवण उसवत गेली. आत दोन बोटं कापड दाबलेलं निघालं.

"बाईनं माया चांगली सोडलीय," म्हणाली. उसवता उसवता माझ्या दंडावर एक चापट मारली. "सगळं माझ्यावर गेलं. हे हात तेवढे त्यांचे."

मी म्हटलं, हातांवर गोळी चालत नाही गं.

"नको चालू दे. त्यांचंबी काहीतरी राहू दे की अंगावर."

तिनं उसवलेल्या जागी तीन सेफ्टी पिना लावल्या आणि पदर वरून ओढून घेतला.

मांडवात करा मोठा होता, तांब्याचा, काठोकाठ भरलेला, वर नारळ. कुणीतरी काळजीनं म्हणालं, जड आहे, शेवटपर्यंत पेलंल का हिला. वडील फेटा सावरत शेजारी उभे होते. मोटारीशिवाय कशावरही न बोलणारे माझे वडील म्हणाले, "पेलंल. पोती उचलल्यात तिनं." आणि लगेच मंडपाच्या लाईटकडं बघायला लागले, फ्यूज नीट आहे का ते.

करा पेलला. मंगलाष्टका भटजींनी लांबवल्या तरी पेलला. मागं बसलेल्या बायका माझ्या दिसण्यावर काय काय बोलत होत्या ते मला सगळं ऐकू येत होतं. निम्मं माझ्याबद्दल होतं, निम्मं मावशीच्या कंबरपट्ट्याबद्दल.

फोटोत मी आणि आई शेजारी उभ्या आहोत. दोघी खांद्यापासून पायापर्यंत एका रेघेत. माझ्या पदराखालून एक पीन दिसते. फोटो मी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला; त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, यातल्या तुम्ही कुठल्या? त्या चेष्टा करत होत्या, असं मी धरून चालते.

फोम भावाच्या टेम्पोत आहे. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, आमची नवी भावजय त्यावर बसून बाजाराला जाते. तिची तक्रार आहे की लई घट्ट आहे. मी म्हणते, मऊवाला चार दिवसांत दबतो.

मापाचा हिरवा ब्लाऊज विहीणबाईंनी घडी करून, वर खण ठेवून परत पाठवला होता. तो मी येताना नगरला घेऊन आले. आतापर्यंत त्याच्यावरून चार शिवले, बाही दोन बोटं सैल. आईचा परवा फोन आला, तिला दिवाळीचं शिवायला टाकायचंय, तर तिचा तो हिरवा झंपर कुठंय, कधी आणून देतेस?

मी म्हटलं, बघू.